दोन खणांचं पातेलं

आमच्या घरात दोन खणांचं पातेलं यायला चौतीस वर्षं लागली, आणि ते आणल्याबद्दल माझ्या बायकोने मला अजून पुरती माफी दिलेली नाही. ज्या पातेल्यात एका बाजूला तांबडा रस्सा उकळतो आणि मधल्या पत्र्याआड दुसऱ्या बाजूला पांढरा, असं पातेलं आमच्या चोंगछिंगमध्ये घरोघरी असतं, असं बाहेरच्यांना वाटतं. असतं, पण माळ्यावर. पाहुणा आला की खाली उतरतं आणि पाहुणा जिना उतरायच्या आत परत वर जातं. आमच्याकडे माळ्यावरसुद्धा नव्हतं. माझी बायको ह्वेइलान हिच्या माहेरी तीन पिढ्या नदीवरच्या बोटवाल्यांना तांबडा रस्सा करून घातला गेला आहे. तिच्या मते पांढरा रस्सा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, आणि ते पिणाऱ्या माणसाबद्दल तिला राग नसून दया आहे.

हे सगळं सुरू झालं आमच्या यानयानच्या फोनमुळे. यानयान ही आमची एकुलती एक मुलगी. सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी सूजोला गेली आणि तिथल्याच लू नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. सूजो हे असं गाव आहे, की तिथे मटणातसुद्धा साखर घालतात आणि वर जेवणाऱ्याला विचारतात, गोड बरोबर आहे ना? लग्नाला आम्ही गेलो होतो तेव्हा माझी ही चार दिवस स्वतःच्या पिशवीतली मिरचीची पूड खाऊन राहिली. तर ते असो. सांगायचा मुद्दा, पोरगी तीन वर्षांत एकदाही घरी आली नव्हती. दोनदा तिकिटं काढली, दोनदा रद्द केली. एकदा म्हणे कंपनीत काम निघालं, एकदा ताप आला. तिच्या खोलीतल्या पलंगावरची चादर ह्वेइलान दर महिन्याला बदलते. त्या पलंगावर कोणी झोपत नाही, चादर मळत नाही, तरी बदलते. एकदा मी म्हटलं, कशाला उगाच धुतेस? तर तिने मला पूर्ण नावाने हाक मारली, "श्यांग देफू!" पूर्ण नाव आलं की मी पुढचं ऐकायला थांबत नाही. आमच्या गावात अशा नवऱ्याला मऊ कानाचा म्हणतात, आणि गावातले निम्मे पुरुष मऊ कानाचे असल्यामुळे त्यात कोणाला फारसा कमीपणा वाटत नाही.

"म्हातारबा," यानयान फोनवर म्हणाली. आमच्याकडे पोरी बापाला तोंडावर म्हातारबा म्हणतात. ती दीड वर्षाची असताना, माझे सगळे केस काळे असताना, तिने मला म्हातारा केलं. "म्हातारबा, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येतोय आम्ही. लूला छंगदूला कंपनीच्या बैठकीला जायचंय. सकाळी अकराला उतरू आणि संध्याकाळी पाचच्या गाडीने पुढे."

"म्हणजे एकच जेवण."

"एकच. पण निवांत जेवू." मग आवाज हळू करून म्हणाली, "आणि ऐक ना, थोडा पांढरा रस्सा पण ठेवशील? एकाला तिखट चालत नाही."

तो 'एक' कोण, हे मला विचारावं लागलं नाही. सूजोच्या माणसाला तिखट चालत नाही यात बातमी ती काय? फोन ठेवल्यावर मी एक गोष्ट मनाशी पक्की धरली. हे एक जेवण नीट झालं, जावईबापू आमच्या टेबलावरून हसतमुखाने उठले, तर यानयान नव्या वर्षाला येईल. जावईबापूंचं पोट बिघडलं, तर पुढची तीन वर्षं पुन्हा काम निघेल आणि पुन्हा ताप येईल. तीन नवी वर्षं आम्ही दोघांनी टीव्हीपुढे बसून साजरी केली होती. मी उकळत्या रश्श्यात कच्ची वजडी बुडवायचो, ही शिजलेली काढायची, आणि एक वाटी रिकामीच मांडलेली असायची. चौथं तसं काढायची माझी तयारी नव्हती.

हिला सांगितल्यावर अपेक्षेप्रमाणे झालं.

"पांढरा? या घरात?"

"अगं, जावयासाठी."

"त्याला वेगळा अंड्याचा भात करून देईन."

"सगळे पातेल्यात हात घालणार आणि तो एकटा भात खाणार? मग तो जन्मभर पाहुणाच राहील. आणि पाहुण्याची बायको पण पाहुणी."

हे वाक्य मला कसं सुचलं ठाऊक नाही. ही बराच वेळ मिरच्यांची देठं खुडत राहिली. मग म्हणाली, "आण. पण आपल्या गल्लीतून नको आणू."

म्हणून मी नदीपलीकडच्या भांडीबाजारात गेलो. तिथल्या दुकानदारीणबाईंनी पातेल्याचं नाव ऐकून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोण आजारी आहे, काका?"

"कोणी नाही. जावई येतोय."

"कुठला?"

"सूजोचा."

"अगं बाई!" त्यांनी आतल्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. "अहो, यांना जरा जाड बुडाचं दाखवा. जावई सूजोचा आहे यांचा."

नवऱ्याने बाहेर येऊन माझ्याशी हात मिळवला. अशी सहानुभूती मला आई गेली तेव्हासुद्धा मिळाली नव्हती. तिथून ते जाड बुडाचं पातेलं तांदळाच्या गोणीत घालून मी घराकडे निघालो. आमच्या इमारतीला दोन तळमजले आहेत. खालच्या नदीकाठच्या रस्त्यावरून आलात तर आम्ही नवव्या मजल्यावर राहतो, वरच्या रस्त्यावरून आलात तर पाच मजले खाली. लिफ्ट खालून निघते आणि सातव्यावर थांबते, कारण पुढे ती चालवावी की नाही याबद्दल इमारतीत अकरा वर्षं एकमत झालेलं नाही. सातव्याच्या पायऱ्यांवर देंगमावशी स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या. त्या तिथे बसतात ते लसणासाठी नव्हे, हे सगळ्यांना माहीत आहे.

"श्यांगदादा, गोणीत काय?"

"कोबी."

तेवढ्यात गोणी कठड्याला आपटली.

"हल्ली कोबी वाजतो वाटतं," देंगमावशी म्हणाल्या आणि पुन्हा लसणाकडे वळल्या. दुपारच्या माहजोंगच्या डावापर्यंत सगळ्या इमारतीला कळलं होतं.

आता खरी अडचण. आमच्या जेवणाच्या टेबलाला मधोमध गोल भोक आहे. यानयान लहान असताना ते मीच पाडलं. त्यात आमचं जुनं पातेलं बरोबर बसतं आणि खाली गॅसची शेगडी राहते. नवं पातेलं दोन बोटं मोठं निघालं. मी ते भोकावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. बघून ते लहान होईना. तेवढ्यात दहाव्या मजल्यावरचे छिनदादा कोबी बघायला आले. छिनदादा बोटदुरुस्तीच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होते आणि जगातली प्रत्येक अडचण कुठेतरी कापून किंवा ठोकून सुटते अशी त्यांची श्रद्धा आहे.

"दोन बोटं भोक वाढव," ते म्हणाले. "दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचं काम तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी भोक अंड्यासारखं लांबट झालं. दुसऱ्या दिवशी ते गोल करण्याच्या नादात इतकं वाढलं, की पातेलं सरळ त्यातून खाली गेलं आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर थांबलं. तिसऱ्या दिवशी छिनदादांनी भोकात लोखंडी कडं बसवलं, पातेलं त्यात हातोड्याने ठोकून घट्ट केलं आणि घाम पुसत म्हणाले, "आता हे हलायचं नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. पातेलं वर निघेना, खाली जाईना, जागच्या जागी फिरेसुद्धा ना.

"धुवायचं कसं?" हिने विचारलं.

छिनदादांनी थोडा विचार केला. "टेबलासकट."

म्हणून आम्ही दोघांनी टेबल उचलून न्हाणीघराकडे नेलं. मी पुढे होतो. टेबल आडवं करून अर्धं आत गेलं आणि दारात अडकलं. छिनदादा बाहेर राहिले, मी आत राहिलो. पुढचा तासभर माझ्या सुटकेबद्दल दाराबाहेर शेजाऱ्यांची चर्चा चालली. मी आतून काही सुचवलं की "तुम्ही शांत बसा हो," असं मला देंगमावशी सांगत होत्या. शेवटी एक पाय कापावा असं ठरलं. टेबलाचाच, पण ते मला आत नीट ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे मधली पाच मिनिटं फार वाईट गेली.

करवतीचा आवाज, लोखंडाची ठोकाठोक आणि इमारतभर झालेली मोठ्या पातेल्याची चर्चा, या सगळ्याचा व्हायचा तो परिणाम झाला. रहिवासी समितीच्या गोंगबाई फाइल घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"खानावळ काढताय असं कळलं."

"मुलगी येतेय हो. एक जेवण आहे."

"मग टेबलाला लोखंड कशाला?" त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं. "आणि हा सिलिंडर इथे? हे चालणार नाही."

"चोवीस वर्षं चालतोय."

"चोवीस वर्षं मी बघितला नव्हता."

त्यांनी अर्ज काढला. त्यात एक रकाना होता, 'बदलाचा उद्देश'. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मुलीची आठवण येते.' गोंगबाईंनी चष्मा वर करून वाचलं. त्या वाईट नाहीत. त्यांचा मुलगा शेन्झेनला असतो आणि तोही येत नाही. पण अर्ज हा अर्ज असतो.

"हा उद्देश यादीत नाही. सण, व्यवसाय, अंत्यविधी, यातलं एक निवडा."

मी सण निवडला. त्यावर त्यांनी शिक्का मारला आणि सिलिंडरच्या जागी विजेची शेगडी वापरायची परवानगी दिली. आता विजेची शेगडी गॅसच्या शेगडीपेक्षा वीतभर उंच. म्हणून टेबल उंच करायला प्रत्येक पायाखाली विटा आल्या, आणि कापलेल्या पायाखाली एक जास्त आली. टेबल उंच झालं, खुर्च्या होत्या तेवढ्याच राहिल्या. मी बसून बघितलं तर कड हनुवटीला लागत होती. ही बसली तेव्हा तिचे फक्त डोळे दिसत होते आणि त्यांत माझ्याबद्दलचं मत दिसत होतं.

शिवाय पातेलं फिरत नसल्यामुळे पांढरा खण कायमचा दाराकडच्या बाजूला गेला. तिथे जावईबापूंना बसवायचं ठरवलं. समोर, तांबड्या खणापुढे, यानयान.

आता उरला प्रत्यक्ष पांढरा रस्सा. इथे मला एक भयंकर गोष्ट कळली. पांढरा रस्सा कसा करतात हे आमच्या इमारतीत कोणालाही माहीत नव्हतं. सल्ले मात्र पुष्कळ मिळाले. देंगमावशी म्हणाल्या, "सहाच मिरच्या घाल. सहा म्हणजे काही नाही. त्याला कळणारसुद्धा नाही." छिनदादांचं मत पडलं, की मिरची नसली तरी मूठभर तिरफळं हवीतच, नाहीतर त्याला रस्सा का म्हणायचं? ही ढवळताना तांबड्यातला डाव पांढऱ्यात घालत होती. मुद्दाम नव्हे, हाताला सवयच ती. पहिल्या दिवशीचा रस्सा देंगमावशी, छिनदादा आणि मी, अशा तिघांनी चाखला आणि अगदी मिळमिळीत झाला आहे, असं ठरवलं. मग माझ्या मनात शंका आली. आमच्या जिभेला मिळमिळीत म्हणजे नक्की काय? ज्या जिभा पन्नास वर्षं मिरचीत शिजल्या, त्यांनी तिखट नाही म्हणून दाखला द्यायचा, आणि त्या दाखल्यावर सूजोच्या माणसाने विश्वास ठेवायचा?

इमारतीत तिखट न खाणारा माणूस शोधायला दोन दिवस लागले. तिसऱ्या मजल्यावर बँकेतल्या एक बाई भाड्याने राहतात, हांगजोच्या. मी वाटीत झाकून रस्सा नेला आणि घाबरत घाबरत कारण सांगितलं. त्यांनी चमचाभर घेतला. नंतर त्यांनी पाणी घेतलं, मग दूध घेतलं, मग खिडकी उघडली.

"काका," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "यात मिरची नाही असं तुम्हाला खरंच वाटतं?"

चार दिवस मी रोज वाटी घेऊन नवव्याहून तिसऱ्यावर उतरत होतो. पहिल्या दिवशी डाव बदलला, दुसऱ्या दिवशी कढई बदलली, तिसऱ्या दिवशी हिला स्वयंपाकघराबाहेर बसवलं, त्याबद्दल आमच्यात अबोला झाला. चौथ्या दिवशी बाईंनी वाटी संपवली आणि "अजून आहे का?" असं विचारलं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो निवृत्तीच्या दिवशी फेरीबोटीच्या कंपनीने घड्याळ दिलं तेव्हाही झाला नव्हता. कोंबडी, मशरूम, पांढरा मुळा आणि धीर, एवढंच त्या रश्श्यात होतं.

शनिवारी मी साडेदहापासून खिडकीत उभा राहिलो. सव्वाअकराला फोन आला.

"म्हातारबा, पोचलो आम्ही. तळमजल्यावर आहोत."

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे?"

या इमारतीत वाढलेली पोर, जी डोळे मिटून दप्तर उडवत दोन्हीकडून घरी यायची, ती मला विचारत होती, कुठल्या म्हणजे? फोनवरच्या नकाशाने तिला सांगितलं होतं, की तुम्ही पोचलात. नकाशाच्या दृष्टीने ती पोचलीच होती. ती आमच्या अगदी डोक्यावर उभी होती.

"तिथेच थांब, मी येतो," म्हणून मी वर गेलो. तेवढ्यात ती वरच्या गल्लीतल्या न्हाव्याशेजारच्या जिन्याने नदीकाठी उतरली, कारण तिला आठवलं की लिफ्ट खालून निघते. मी खाली गेलो. ती लिफ्टने सातव्यावर आली. देंगमावशींनी तिला सांगितलं, "बाप वर गेलाय तुझा," म्हणून ती परत वर गेली. मला सांगितलं, "पोरगी वर गेली," म्हणून मीही गेलो, पण दुसऱ्या जिन्याने. पाऊण तास आम्ही एकाच इमारतीत एकमेकांना शोधत होतो. सहा तासांतला पाऊण तास! शेवटी बाराव्या आणि तेराव्याच्या मधल्या वळणावर ती मला सापडली, बॅगेवर बसलेली, धाप लागलेली. शेजारी जावईबापू भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते.

"अरे म्हातारबा, किती बारीक झालास!"

"मी नाही, तू झालीस," मी म्हणालो. ती झाली होती. गालफडं वर आली होती.

"चढ पोरी, उतर म्हणजे," मी म्हणालो आणि तिची बॅग उचलली. आमच्या घरी चढून जायचं की उतरून, हे तिसऱ्या मजल्याच्या बाईंनासुद्धा कळतं, पण त्या क्षणी मला नीट सांगता येईना.

घरात शिरल्यावर तिने टेबलाकडे बघितलं, विटांकडे बघितलं, कड्यात अडकलेल्या दोन खणांकडे बघितलं आणि ती हसायला लागली. हसता हसता दारातच खाली बसली. ही स्वयंपाकघरातून पळत आली आणि हात न पुसताच तिला धरलं. तिच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर मिरचीच्या तेलाचे दहाही बोटांचे ठसे उमटले. ते पुसायला कोणी गेलं नाही.

मग आम्ही जेवायला बसलो. हिची सोडून सगळ्यांच्या हनुवट्या टेबलाच्या कडेवर टेकल्या. एका खणात तांबडा खदखदत होता, दुसऱ्यात माझा पांढरा. मी जावईबापूंना म्हणालो, "लू, तुझ्यासमोर आहे तो तुझा. घे, लाजू नकोस."

जावईबापूंनी काड्या उचलल्या. आणि मांडवात नवरदेव जसा दीर्घ श्वास घेतो तसा घेऊन, पांढऱ्यावरून हात पलीकडे नेऊन, त्यांनी तांबड्यात वजडीचा तुकडा बुडवला. सात वेळा वर, आठ वेळा खाली, अगदी आमच्या रिवाजाप्रमाणे मोजून. तोंडात टाकला. चेहरा आधी गुलाबी झाला, मग तांबडा, मग काही वेळ त्याला रंगच नव्हता.

"छान आहे, बाबा," ते म्हणाले आणि त्यांना उचकी लागली.

मी थक्क झालो. ही तर इतकी खूश झाली, की तिने चार दिवसांचा अबोला विसरून मला कोपराने ढोसलं. "बघ! उगाच केलंस ते पांढरं. घे रे बाळा, बदकाची आतडी घे." जावईबापू घेत होते, उचक्या देत होते आणि पुन्हा घेत होते. मी मनात नव्या वर्षाची खरेदीसुद्धा सुरू केली. जिंकलो होतो आम्ही!

मग माझं लक्ष यानयानकडे गेलं. तांबडा खण तिच्या नाकासमोर होता. तिच्या काड्या त्याच्यावरून जात होत्या, मधला पत्रा ओलांडत होत्या आणि पांढऱ्यात उतरत होत्या. एकदा कमळकाकडीची चकती. मग मशरूम. मग पुन्हा मशरूम. आईने तिच्या वाटीत तांबड्यातलं मटण वाढलं, तेव्हा ते तिने तोंडाशी नेलं, बोलता बोलता खाली ठेवलं, आणि थोड्या वेळाने ते टेबलाखालून जावईबापूंच्या वाटीत गेलं होतं. टेबल एवढं उंच, की तिला वाटलं कोणाला दिसणार नाही. पण ही बुटकी असल्यामुळे हिला टेबलाखालचंच जास्त दिसत होतं.

"यानयान," ही म्हणाली, "तो खण लूचा आहे."

जावईबापूंना एक मोठी उचकी आली.

"नाही आई," यानयान म्हणाली. "तो माझा आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वीचा तो ताप हा ताप नव्हताच. पोटात जखमा झाल्या होत्या, रक्त गेलं होतं, अकरा दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टरांनी सांगितलं, मिरची बंद, तिरफळ बंद, जन्मभर.

"अकरा दिवस!" मी म्हणालो. "आणि आम्हाला फोनवर सांगायचीस, आज लवकर झोपते म्हणून?"

"काय सांगणार होते, म्हातारबा? पोट फाटलं ते एक वेळ सांगितलं असतं. पण तिखट बंद झालं हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? आईला?" तिने काड्या खाली ठेवल्या. "दोनदा तिकीट काढलं. एकदा दवाखान्यात होते, एकदा वाटलं, जाऊन त्या टेबलावर बसू आणि काय करू? तुम्ही खाणार आणि मी बघत बसणार? आपल्या घरातली मी आणि मलाच... मग म्हटलं, दुसऱ्याच्या नावावर खपवावं."

"मी तीन महिने सराव केला, बाबा," जावईबापू घामाने निथळत म्हणाले. "रोज एक मिरची. हिच्या वाटचं मी खायचं, असं ठरलं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून." आणि पुन्हा उचकी.

मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं मी ज्या जावयाला मनातल्या मनात साखरेचं पोतं म्हणत आलो, तो माझ्या पोरीसाठी रोज एकेक मिरची गिळत होता. आणि मी पांढऱ्या रश्श्याचा एवढा खटाटोप केला, विटा लावल्या, अर्जात सण लिहिला, तो सगळा तिच्यासाठीच होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं ती आम्हाला टाळत नव्हती, आमच्या पातेल्याला घाबरत होती.

ही उठली. मला वाटलं आता पूर्ण नावाने हाक येणार. तिने स्वच्छ डाव घेतला, यानयानच्या वाटीत पांढरा रस्सा वाढला. मग स्वतःची वाटी घेतली, त्यात वाढला आणि उभ्यानेच प्यायली. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"आलं कमी पडलंय," ती म्हणाली.

"आणि दोन लाल खजूर हवेत," यानयान नाक ओढत म्हणाली. "मी घालते नेहमी. नव्या वर्षाला येते तेव्हा मी करून दाखवते. दहा दिवस रजा टाकते."

"दहा कशाला, बारा टाक," ही म्हणाली आणि माझी वाटी ओढून घेऊन तीही भरली. "घे. पी गुपचूप."

मी प्यायलो. कोंबडी लागली, मुळा लागला, आलं खरंच कमी होतं. दुसरा घोट घेतला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. हनुवटी टेबलाला टेकलेली असल्यामुळे ते लपवायला जागाच नव्हती.

"तिखट लागलं का, म्हातारबा?" यानयानने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "जरा जास्तच."

त्या टेबलावरच्या चौघांनाही माझ्या वाटीत कुठला रस्सा आहे ते दिसत होतं. "थांब, पाणी आणते," म्हणून ही स्वयंपाकघरात गेली. आत बराच वेळ नळ वाहत होता, पण पाणी काही आलं नाही.